खिळे मारलेली खिडकी

मित्रांनो, जरा जवळ या. मी जुनी खिडकी आहे आणि आता मला मोठ्यानं बोलवत नाही. तलासरीजवळच्या एका पाड्यावर, नितीनच्या घरात मी उभी आहे. त्याच्या वडिलांनी मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. मला गज नाहीत. चोरानं न्यावं असं या घरात होतं तरी काय.

वडील गेले आणि माझी दुरुस्ती नितीनच्या हाती आली. हौस दांडगी, हात कच्चा. २०१४च्या पावसाळ्यात, त्याची लेक हिरू जन्मली त्या वर्षी, माझी दारं फुगून अडकायला लागली. त्याची आई बायजी म्हणाली, "पाऊस जाऊ दे, मग बघ." पण यानं मोबाइलवर बघून रंधा मारलाच. हिवाळ्यात मी सुकले आणि दोन्ही दारांमध्ये बोट जाईल एवढी फट पडली. मग पुठ्ठा, मग चिंध्या, मग भुसा कालवलेला गोंद. दर वर्षी नवा उपाय. मी कंटाळले होते, पण सांगणार कोणाला?

२०१८च्या अखेरीस आमच्याकडे जमीन हलायला लागली. धक्का बसला की सगळ्यांत आधी मी खडखडायचे. हिरू दचकायची, रडायची, झोपायचीच नाही. लेकीचे हाल नितीनला बघवेनात. शेवटी त्यानं बाहेरून माझी दोन्ही दारं खिळे मारून बंद करून टाकली.

"आता उघडायची कशी?" त्याच्या बायकोनं, चंद्रिकानं, विचारलं.

"थंडीत कोण उघडतंय? पोर झोपेल तरी."

हिरू खरंच झोपायला लागली. मलाही वाटलं, चला, सुटले एकदाची.

काही दिवसांनी हिरू दुपारी आत एकटीच निजली होती, तेव्हा मोठा धक्का बसला. मी वाजले नाही. भिंत सरकली, घराचं एकुलतं एक दार चौकटीत घट्ट बसलं आणि कौलं पडायला लागली. आतून हिरू मला ढकलत होती. बाहेर नितीन नखांनी खिळे उचकटत होता.

"हातानं निघणार नाहीत ते," चंद्रिका म्हणाली आणि पहार घेऊन धावत आली.

नितीननं पहार घातली, माझं एक दार उभं चिरलं आणि हिरू त्यातून बाहेर आली. मित्रांनो, दुखलं तर खूप. पण खिडकी असून मला त्या लेकराला वाट देता आली नाही, हे दुःख अजून जात नाही.

त्याच संध्याकाळी नितीननं माझे उरलेले खिळे एकेक करून उपटून काढले. नंतर त्यानं चिरलेल्या दाराला पट्टी ठोकली आणि कडी खाली बसवली, हिरूचा हात पोचेल तिथे. हिरू रोज ती काढून बघते. माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात, अंग ठणकतं. पण मी उघडते.

तुमच्या घरच्या खिडकीला तेल घाला, पट्टी ठोका, वाजली तर वाजू द्या. फक्त घरातल्या सगळ्यांत लहान हाताला ती उघडते का, एवढं एकदा बघा. मी अजूनही धक्क्याला खडखडते. हिरू आता रडत नाही. कडी काढते आणि बाहेर उडी मारते.