चाळीस टेस्ट आणि एक ‘थांब’

ऑफिसात त्याला सगळे कळलाव्या म्हणायचे, आणि हे नाव त्यानं स्वतःच्या कष्टानं कमावलं होतं. बावन्न वर्षांचा बाप्या, पण कुणाच्या माऊसखाली चिकटपट्टी लाव, कुणाचा स्क्रीन उलटा करून ठेव, असे धंदे सकाळी चहाच्या आधी उरकून मोकळा. नाव मात्र खोड्यांवरून नाही, कामावरून पडलं होतं.

काम टेस्टिंगचं. कंपनीचा एकच प्रोग्राम, लेबलं छापायचा. बाटलीवरची, खोक्यावरची, औषधाच्या पुडीवरची. नवीन आवृत्ती निघाली की ती बाहेर जायच्या आधी प्रत्येक बटण दाबून बघायचं. सुरुवातीला तो हातानंच दाबायचा. एका आठवड्यात अंगठा सुजला, तेव्हा त्यानं एक छोटासा कोड लिहिला. तो माणसासारखा कीबोर्डच्या कळा दाबायचा आणि माणसासारखी कुरकुर करायचा नाही.

‘‘कळ दाबणाराही तू, कळ लावणाराही तू,’’ शेजारच्या टेबलावरून मास्तर म्हणाले. ‘‘कळलाव्या!’’ झालं, चिकटलं ते चिकटलं.

मास्तर आधी खरोखरच शाळेत गणित शिकवायचे. मग कॉम्प्युटरकडे वळले, पण लाल पेन सुटलं नाही. कळलाव्याचा कोड छापून घ्यायचे, त्यावर चुका काढायचे आणि खाली दहापैकी साडेचार असं लिहून परत द्यायचे. तिसऱ्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली खोली, एका रांगेत आठ मशिनं, प्रत्येकावर ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी आवृत्ती, आणि मधे हे दोघं, चाकाच्या खुर्चीवरून इकडून तिकडे घरंगळत. दिवसभर भांडण. सासूसुनांचं बरं.

भांडता भांडता त्यांनी एक अख्खा फोल्डर भरला. नाव ठेवलं ‘मदतनीस’. प्रत्येक टेस्टला लागणारी छोटी छोटी कामं त्यात होती. ‘कळदाब’ होता. ‘खोटंघड्याळ’ होतं, ते प्रोग्रामला बनवायचं, की बाबा रे, आज वर्षाचा शेवटचा दिवस आहे. (कळलाव्यानं ते एकदा मास्तरांच्या मशिनवर चालवलं आणि मास्तर साडेदहाला जेवणाचा डबा घेऊन उठले.) टेस्ट संपल्यावर मागे पडलेल्या फायली गोळा करणारा ‘झाडू’ होता. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. मास्तरांचं म्हणणंच होतं, ‘‘ज्या भाषेत भांडतो त्याच भाषेत नावं ठेवायची. कुणाचं चुकलं ते लगेच कळतं.’’

सहा वर्षांपूर्वी मास्तर निवृत्त झाले. खुर्ची गेली, लाल पेन गेलं, आठातली पाच मशिनं भंगारात गेली. राहिला तो फोल्डर. कळलाव्या तो रोज उघडायचा, आणि एखाद्या ओळीवर मास्तरांची शेरेबाजी दिसली की एकटाच खुदकन हसायचा.

आणि आता नवीन प्रमुखबाईंनी त्यावरच बोट ठेवलं.

‘‘काका, टेस्टिंगचं तयार किट बाजारात मिळतं. जगभर वापरतात,’’ त्या म्हणाल्या. वयानं त्याच्या भाचीएवढ्या, पण डोकं तल्लख. ‘‘हा फोल्डर शुक्रवारी काढून टाकू या. तुम्ही सुटीवर गेलात की यातलं एक अक्षर कुणाला लागत नाही.’’

‘‘बाई, तुमचं किट छपाईच्या विंडोच्या चाळीस टेस्ट किती वेळात करतं?’’

‘‘साधारण चार मिनिटं.’’

‘‘आमचा हा म्हातारा फोल्डर नऊ सेकंदांत करतो. आणि सतरा वर्षांत एकही टेस्ट पडून लाल दिवा लागला नाही.’’

बाईंनी भुवई उडवली. ‘‘नऊ? कसं काय ते शुक्रवारी सगळ्यांसमोर दाखवा. पटलं तर फोल्डर राहिला. शब्द देते.’’

कळलाव्या शीळ घालत जागेवर आला. पैज त्यानं खिशातच घातली होती. गुरुवारी दुपारी, सगळ्यांसमोर कसा भाव खायचा याची तयारी म्हणून, त्यानं मास्तरांनी लिहिलेली पहिली टेस्ट उघडली. छपाईचं बटण दाब. ‘थांब’. मग विंडो उघडली का ते बघ, मग ‘रद्द’ दाब, मग काही छापलं तर गेलं नाही ना ते तपास. शहाण्यासारखी टेस्ट.

मग त्यानं ‘थांब’ उघडला. हा त्याचा स्वतःचा कोड होता. मशिनला प्रिंटर जोडलेला नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही, तेव्हा बोलवायला म्हणून त्यानं लिहिलं होतं: टेस्ट इथेच संपव, पास म्हण, घरी जा.

कळलाव्यानं ते दोनदा वाचलं. मग दुसरी टेस्ट उघडली. तिसरी. चाळिसावी. सगळीकडे तेच. बटण दाब, थांब, आणि पुढचं तपासणं कधी झालंच नव्हतं. नऊ सेकंद का लागतात ते आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

त्यानं दार लोटून घेतलं आणि मास्तरांना फोन लावला.

‘‘मास्तर, तुम्ही ‘थांब’ कशासाठी वापरलात?’’

‘‘कशासाठी म्हणजे? विंडो उघडेपर्यंत वाट बघायला. जरा दम धर, अशा अर्थी.’’

‘‘मी तो बंद पडायला लिहिला होता!’’

पलीकडून मग शाळेतला आवाज आला. ‘‘गाढवा, पाहुण्याला आपण ‘थांब, चहा टाकतो’ म्हणतो, तेव्हा त्यानं दारातच प्राण सोडायचा असतो का?’’

‘‘आणि ड्रायव्हरला ‘थांब’ म्हटल्यावर तो गाडी तशीच पळवत वाट बघतो का?’’

‘‘वर एक ओळ टीप लिहायला काय झालं होतं?’’

‘‘तुम्ही आत डोकावायला काय झालं होतं? माझ्या प्रत्येक स्वल्पविरामाचे मार्क कापलेत, आणि हे एवढं ढळढळीत दिसलं नाही?’’

मग मास्तरांना हसू फुटलं, ते ठसका लागेपर्यंत. कळलाव्याही हसला, पण त्याचं हसणं लवकर संपलं.

‘‘खरंच वाट बघायला लावलंस तर किती टेस्ट नापास होतात रे?’’ मास्तरांनी विचारलं.

त्यानं कोड बदलला, टेस्ट चालवल्या. तीन मिनिटं चाळीस सेकंद. ‘‘सहा पडल्या.’’

‘‘कुठल्या?’’

त्यानं पहिली मोठ्यानं वाचली. ‘‘रद्द दाबलं तरी शेवटचं लेबल छापलं जातं.’’

‘‘अरे देवा. छापखानेवाला.’’

हा त्यांचा प्रोग्राम वापरणारा एक छापखान्याचा मालक होता. वर्षातून दोनदा तरी फोन करायचा: अहो, मी रद्द करतो तरी एक लेबल निघतंच. दोघं टेस्ट चालवायचे, हिरवं दिसायचं, आणि त्याला सांगायचे की काका, तुमचंच बोट चुकतं. फोन ठेवला की कळलाव्या त्याची हुबेहूब नक्कल करायचा आणि मास्तर टेबलावर हात आपटून हसायचे. त्या खोलीतले सगळ्यात मजेचे दिवस म्हणून जे आठवायचे, त्यातले निम्मे त्या बिचाऱ्याच्या नावावर होते.

‘‘उद्या मी गप्प बसलो तर फोल्डर राहतो,’’ कळलाव्या हळूच म्हणाला. ‘‘कुणाला कळायचं नाही. बाईंनाही नाही.’’

‘‘हं.’’

‘‘तुमचं-माझं दुसरं काय आहे हो इथं? एक खुर्चीसुद्धा नाही.’’

‘‘आयुष्यभर लोकांना बनवलंस,’’ मास्तर म्हणाले. ‘‘पण दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचास. म्हणून तर तुझ्याशी पटलं.’’

शुक्रवारी सगळे जमले. कळलाव्यानं नऊ सेकंदांचा खेळ करून दाखवला, टाळ्या घेतल्या, आणि मग त्या नऊ सेकंदांची पोलही स्वतःच खोलली. खोली हसून हसून बेजार. प्रमुखबाई हसल्या नाहीत.

‘‘म्हणजे सतरा वर्षं हिरवा दिवा फुकटचा?’’

‘‘फुकटचा. आणि मी गेली सहा वर्षं त्याला रोज नमस्कार करत होतो.’’

‘‘काका, आता फोल्डर ठेवता येणार नाही.’’

‘‘ठेवूच नका. फक्त काढायचं काम मला द्या.’’

ते त्यानं दुपारी केलं. मास्तर फोनवर होते. एकेक फाईल उडवायच्या आधी नाव वाचून दाखवत गेला. ‘झाडू’ला दोघं हळहळले, ‘खोट्याघड्याळा’ला साडेदहाचा डबा आठवला, आणि कोणी कुणाला आधी बनवलं यावरून परत एकदा जुंपली. फोल्डर रिकामा झाला, तरी कुणीच फोन ठेवेना.

‘‘छापखानेवाल्याला तू सांग,’’ मास्तर म्हणाले.

‘‘तुम्ही सांगा. तुम्ही वडीलधारे.’’

‘‘नक्कल कोण करायचं?’’

मग मास्तरांचा फोन ठेवून नंबर फिरवावाच लागला. पलीकडे तोच आवाज, जरा थकलेला. कळलाव्यानं एका दमात सांगून टाकलं: तुमचं बोट चुकत नव्हतं, आमचं चुकत होतं, दुरुस्तीला लागलोय आम्ही.

‘‘मी म्हणत नव्हतो?’’ म्हातारा म्हणाला. ‘‘आणि अजून एक आहे. तेही तुम्ही कधी ऐकून घेतलं नाही.’’

कळलाव्यानं खुर्ची पुढे ओढली, कोरा कागद घेतला. ‘‘बोला,’’ तो म्हणाला, ‘‘पहिल्यापासून बोला.’’