पोटभर खारं पाणी

दादा शेत वीटभट्टीवाल्याला भाड्याने देणार होता. ते वाचावं म्हणून धाकट्या बहिणीने गव्हाचा एकच हंगाम हट्टाने मागून घेतला. "खाऱ्या विहिरीवर गहू? घे, हौस भागवून घे!" असं म्हणून दादा शहरात नोकरीवर निघून गेला.

धाकटीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती! पाणी खारं, म्हणजे ते बेतानेच द्यायचं, जेवणात मीठ घालतो तसं. वाफा जेमतेम ओला झाला की ती धावत जाऊन मोटर बंद करायची. तरी शेंडे करपले, जमिनीवर मिठाची पांढरी साय धरली. तिने पाणी आणखी कमी केलं. साय आणखी जाड झाली!

फक्त विहिरीजवळचा एक वाफा हिरवागार होता. तिथे पाइपाचा जोड गळायचा आणि तळं साचायचं. इतके दिवस ती त्या जोडाला शिव्याच घालत होती. आता मात्र तिने त्या वाफ्यात फतकल मारली, चिमूटभर माती उचलली आणि चाखली. अळणी! मग हातभर खोल उकरलं. तिथली माती जिभेला झोंबली.

"अगं बाई, माती काय खातेस? घरात उपाशी ठेवते का मी तुला?" वहिनी बांधावरून ओरडली.

"वहिनी, मीठ खाली गेलंय! रेताड जमीन आपली, भरपूर पाण्याने ते मुळांच्याही खाली वाहून गेलं. आपण घोट घोट पाजत होतो. पाणी उडून जायचं आणि मीठ वरच बसायचं!"

"हे तुझ्या दादाला कोण पटवणार? उद्या भट्टीवाल्याला घेऊन येतोय."

दोघं आले. दादा हिरव्या वाफ्यापाशी थबकला. "याला गोडं पाणी कुठून आणलंस?"

"विहिरीचंच आहे. पोटभर दिलंय."

"खारं पाणी जास्त पाजून पीक येतं? ताई, हे पहिल्यांदाच ऐकतोय," भट्टीवाला हसला.

"मग ऐका की! कान तुमचेच आहेत."

दादाने त्या वाफ्यातली ओंबी चोळली. दाणे भरलेले, दुधाळ. शेजारच्या वाफ्यातली चोळली, तर नुसतं फोलपट.

"बाकीचं गेलंच ना पण?"

"अर्धं गेलं." तिने मान्य केलं. "पण पुढच्या वर्षी नाही जाणार."

दादाने हातातलं फोलपट फुंकून उडवलं. मग भट्टीवाल्याकडे वळला. "राग मानू नका, पण शेत नाही द्यायचं." आणि तिच्यावर खेकसला, "तू काय बघत उभी राहिलीस? लाव मोटर! उरलेल्याला तरी पोटभर मिळू दे."