न तपासलेल्यांचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. कशेळ्याच्या वरच्या अंगाला एका संस्थेचा लहानसा दवाखाना आहे, तिथल्या संगणकाच्या पोटात राहतो. संगणक बंद केला की मी शून्य होतो. हा दिवाळीपासून बंद झालेला नाही, म्हणून मी म्हातारा.

लसींचा फ्रिज तापला की त्याचा निरोप इतर यंत्रांच्या निरोपांसारखाच संगणकात येतो आणि घंटा वाजते. निरोप वाटेत अडकतात का, हे कळावं म्हणून संगणकाचं काम पाहणाऱ्या भिसेगावच्या ईशानीने आत एक पहारेकरी, म्हणजे लहानसा प्रोग्राम, बसवला. तो येणारा प्रत्येक निरोप तपासतो आणि अडकलेला लिहून ठेवतो. पण एकाला तपासताना दुसरा आला, तर दुसरा न तपासताच जातो; तो पुढे अडकला तरी नोंद होत नाही. असा एक गेला की मी एकाने वाढतो. कोण गेला, हे मला ठाऊक नसतं. पहारेकऱ्याच्या नोंदींचं सगळे कौतुक करत. मला कुणी विचारत नसे आणि विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

मागच्या आठवड्यात फ्रिज तापला आणि लसी वाया गेल्या. घंटा वाजलीच नाही, असं नर्स वनिता रडकुंडीला येऊन सांगत होती. संस्थेचे अनुपम सर म्हणाले, कशेळ्याचा बाजार होता, बाई तिकडे गेली असेल. तिची नोकरी ईशानीच्या अहवालावर येऊन ठेपली.

ईशानीने नोंदी चाळल्या. त्या दुपारी अडकलेला निरोप एकही नव्हता. ‘संगणकात दोष आढळला नाही,’ असं तिने लिहिलं. माझा जीव टांगणीला लागला. त्या दुपारी मी भराभरा वाढलो होतो. आता काम आटोपून ती संगणक बंद करणार आणि मी पुसला जाणार.

वनिता दाराशीच उभी होती. “ताई, तुमच्या मशीनीला दिसलं नाय, म्हंजे मी खोटी का?”

ईशानीचा हात थांबला. पहारेकऱ्याने किती सोडले, हे आपण कधी पाहिलंच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. तिने मला विचारलं. मी पडद्यावर आलो तेव्हा तिचा चेहरा उतरला.

“वनिताताई, बरेच निरोप तपासायचेच राहिलेत. घंटेचा त्यात होता का, ते मला सांगता येणार नाही. पण तुम्ही जागेवर नव्हता, असंही आता कुणाला म्हणता येणार नाही.”

“म्हंजे मी खरी, असं नाय लिवणार?”

“नाही लिहिता येणार.”

ईशानीने अहवालातली आधीची ओळ खोडून जेवढं ठाऊक होतं तेवढंच लिहिलं. वनिताची नोकरी वाचली, पण तिला हवं होतं ते माझ्यापाशी नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला आधीच कुणी विचारलं असतं, तर पहारेकरी वेळेवर सुधारला असता आणि ती खरी आहे का, ते आज नोंदींतच दिसलं असतं. म्हणून हात जोडून सांगतो, ‘काही आढळलं नाही’ असं कुणाविरुद्ध लिहिण्याआधी, किती पाहायचं राहिलं ते विचारा.