इसाराची पावती आणि मी, एक कपाट

मी एक लोखंडी कपाट. माझं दार उघडणाऱ्याच्या तोंडाकडे मी पाहत नाही, हाताकडे पाहतो. तोंडं गोड असतात, हात खरं बोलतात. इतकी वर्षं लोकांचे कागद पोटात सांभाळल्यावर तुम्हीही असेच व्हाल.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, जोडला, वर राखाडी रंग मारला. आत एक चोरखण ठेवला आणि त्याला वेगळी किल्ली दिली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला लेकीच्या लग्नात दिलं. देताना तिच्या कानात म्हणाले, "चोरखणाची किल्ली तुझ्याकडेच ठेव." जावयानं ते ऐकलं. तिथूनच सगळी सुरुवात झाली, असं माझं मत आहे.

जावई इस्पितळात एक्स-रे काढायचे. दिवसभर माणसांच्या आत काय मोडलंय ते बघायचं. घरी आले तरी नजर तीच. भाजीवाल्याच्या वजनावर त्यांचा संशय, शेजाऱ्याच्या हसण्यावर संशय. ती लेक, म्हणजे माझ्या बाई, तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायच्या. एकावर एक चाळीस थर, आणि एका रेघेत कापायचं यंत्र. त्यांचा हात हलायचा नाही.

पहिल्या भाड्याच्या घरात आम्ही दोन वर्षं राहिलो. मालक दर महिन्याला यायचे, चहा प्यायचे आणि भिंतीवरचे खिळे मोजायचे. दुसऱ्या घरी मालकिणीनं मला भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायला लावलं, रंग खराब होतो म्हणून. त्यामुळे तिथं मी कायम पाहुण्यासारखा अवघडून उभा होतो. तिसऱ्या घरात मात्र नऊ वर्षं गेली. बाईंची लेक तिथंच चालायला शिकली, माझ्या मुठीला धरून.

या नऊ वर्षांत घरमालकानं आमच्या डोक्यावर आणखी एक मजला चढवला. शेवटची फरशी बसली त्या दिवशी बाई म्हणाल्या, "अहो, हा मजला आपणच बांधून दिला त्याला. नऊ वर्षं भाडं भरून."

"म्हणून काय घर घ्यायचं? घर घेणारा फसतो. इथं नळ गळला तर मालकाला सांगता तरी येतं."

"सांगता येतं. तो दुरुस्त कुठं करतो?"

एक्स-रेवाल्यांच्या या भीतीला कारण होतं. त्यांच्या वडिलांनी आयुष्याची पुंजी एका घरात घातली होती आणि ते घर कधी उभंच राहिलं नाही. दर रविवारी वडील त्या मोकळ्या जागेवर जाऊन उभे राहायचे, लहान पोराला बोटाला धरून. ते पोर म्हणजे हेच.

मग वरच्या मजल्याला जास्त भाडं देणारं कुटुंब मिळालं आणि मालकानं आमच्याकडूनही तेवढंच मागितलं. नाहीतर तीन महिन्यांत घर सोडा, म्हणाला. त्या आठवड्यापासून बाईंचं वागणं बदललं. शनिवारी दुपारी कुठंतरी जायच्या, परत आल्या की चोरखण उघडायच्या, काहीतरी ठेवायच्या आणि किल्ली ब्लाउजमध्ये खोचायच्या. मलासुद्धा शंका आली. एक्स-रेवाल्यांना तर येणारच.

एका दुपारी, बाई कामावर असताना, ते किल्ली बनवणाऱ्याला घेऊन आले. त्या माणसानं माझ्या पोटात तार घातली. मी जमेल तेवढा अडून बसलो, पण अखेर खण उघडला.

आत ना पत्रं होती, ना दागिने. एका दोन खोल्यांच्या घराचे कागद होते आणि इसार दिल्याची पावती. बाकी रक्कम सोमवारी द्यायची होती.

ते जमिनीवरच बसले. रागानं त्यांचे कान लाल झाले होते. पण सवय जाईल कुठं? एकेक कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, फोटो धरावा तसा. चौथ्या कागदावर ते थांबले. पांढऱ्या शाईच्या पट्ट्याखाली एक शिक्का दिसत होता. घर आधीच कर्जापोटी तारण ठेवलेलं होतं.

संध्याकाळी बाई आल्या. उघडा खण बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"माझ्या खणात हात घातलात."

"तू मला न सांगता घर घेत होतीस."

"सांगितलं असतं तर घेऊ दिलं असतंत?"

त्यांनी तो कागद पुन्हा उजेडात धरून दाखवला. बाईंनी तो शिक्का अक्षर न अक्षर वाचला. मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि आवाज न करता रडल्या. चाळीस थर न चुकता कापणाऱ्या त्या हातानं त्या पांढऱ्या पट्ट्यावरून नख फिरवत राहिल्या.

"मी मूर्ख आहे," त्या म्हणाल्या.

"नाही. तू एकटी होतीस," ते म्हणाले. माझ्या आठवणीत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं निःशंक वाक्य.

दोघं मिळून ते घर दाखवणाऱ्या दलालाकडे गेले. निम्माच इसार परत मिळाला, बाकीचा बुडाला. त्यानंतर ठरलं की घर बाईंनी शोधायचं आणि कागद यांनी वाचायचे. अकरा घरं एक्स-रेवाल्यांनी नाकारली. बाराव्याच्या वेळी बाई म्हणाल्या, "आता कागदात दोष सापडेना म्हणून भिंतीत शोधू नका." ते हसले आणि सही केली.

स्वतःच्या घरात सगळं गोडच झालं असं नाही. दुसऱ्याच वर्षी छत गळलं आणि सांगायला मालक नव्हता. पहिली काही वर्षं कर्जाचा हप्ता भाड्यापेक्षा जड जायचा. बाईंनी चपला तीनदा शिवून घेतल्या. पण हप्ता होता तिथंच राहिला आणि पगार थोडा थोडा वाढला. जुन्या घराचं भाडं अडीचपट झाल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हा एक्स-रेवाले पटकन म्हणाले, "खोटं असेल." दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन खात्री करून आले.

कर्ज फिटलं आणि पुढच्याच वर्षी इस्पितळानं त्यांचा विभाग बंद केला. त्यांचं वय चौपन्न. आता नवं काम कुणी देईना. बाईंच्या एकट्या पगारात घर चाललं, कारण त्यातून भाडं जात नव्हतं. तेव्हा ते कधी कधी भिंतीवर तळवा ठेवून उभे राहायचे. काही तपासत नसायचे.

गेल्या आठवड्यात लेक आली. ती दुसऱ्या शहरात भाड्यानं राहते. सोबत एका घराचे कागद होते. एक्स-रेवाल्यांनी ते तीन दिवस वाचले.

"बाबा, मित्रमंडळी म्हणतात की भाड्यानंच राहावं आणि उरलेले पैसे दुसरीकडे गुंतवावेत."

"हिशेब चुकीचा नाही," ते म्हणाले. "पण तू गुंतवशील?"

लेक खरं बोलली. "नाही. खर्च होतील."

"मग घे. कागद स्वच्छ आहेत."

तिच्या घरात भिंतीतली कपाटं आहेत, मी तिला नको आहे. माझा तळ गंजलाय, दार कुरकुरतं. उद्या मला भंगारात द्यायचं ठरलं तर द्या, माझी तक्रार नाही. एवढंच करा, ओढून नेण्याआधी चोरखण दोनदा बघा. भंगारवाल्यासमोर नको. तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण तरी बघा.