आत्यानं मागितलेली माफी

सालानिएता आत्याचा हात लागला की दुखणं पळतं, असं सगळं गाव म्हणायचं. मुरगळलेला पाय म्हणू नका, लचकलेली कंबर म्हणू नका, सगळे तिच्याच दारात. त्यामुळे शनिवारी धावण्याच्या सरावात वासेमाथा मांडी धरून खाली बसली, तेव्हा कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. आत्यानं भाचीला चटईवर पालथं घातलं, उंडीचं तेल गरम केलं आणि मांडीची मागची बाजू अशी रगडली, की पोरगी उशी चावत राहिली.

सकाळी मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी.

दवाखान्यातल्या सिस्टर लाइसानीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "स्नायू ताणलाय. आत रक्त साकळतंय आणि त्यावर गरम तेल? कुणाचे हे उद्योग?"

"माझी मीच चोळली," वासे म्हणाली.

"मी चोळली," आत्या म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सिस्टरनं बजावलं, सुरुवातीचे दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पट्टी आणि पाय उंच. चोळायचं नाही, शेकायचं नाही. मग बेताबेतानं चालणं, हलका व्यायाम, आणि धावणं अगदी शेवटी. राजधानीतल्या, सुवाच्या शालेय स्पर्धा पाच आठवड्यांवर होत्या आणि वासेचं शाळेचं हे शेवटचं वर्ष. "जमलं तर जमलं," सिस्टर म्हणाली.

त्याच संध्याकाळी आत्या यांगोनाच्या, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाच्या, मुळांची जुडी घेऊन भावाच्या घरी आली. आमच्याकडे चूक झाली की ही जुडी पुढे ठेवतात. समोरच्यानं ती घेऊन टाळ्या वाजवल्या की विषय मिटला, पुन्हा कुणी काढायचा नाही. पण मोठ्या माणसानं सतरा वर्षांच्या पोरीपुढे जुडी ठेवलेली कुणी पाहिली नव्हती.

"वन्सं, काय चालवलंय हे? पोर आहे ती," वासेची आई म्हणाली.

"पाय पोरीचाच आहे ना? मग माफीही तिचीच."

वासेनं हात पुढे केला, मागे घेतला आणि तिला रडूच फुटलं. "मी नाही घेणार. गुरुवारपासूनच मांडी ओढत होती, आत्या. सरांना कळलं तर संघातून काढतील म्हणून गप्प बसले, पळत राहिले. तू चोळायच्या आधीच मी वाट लावली होती."

आत्याला खरं तर राग यायला हवा होता. दिवसभर ती स्वतःला कोसत होती. पण पोरगी तीन दिवस एकटीच धास्तीनं पळत होती, याचंच तिला वाईट वाटलं.

"थोडं तुझं, थोडं माझं," ती म्हणाली. "घे ती जुडी. आणि यापुढे जरा जरी ओढलं, तरी आधी मला सांगायचं. मी हात लावणार नाही, बाई. नुसतं सांग."

वासेनं जुडी घेतली, हात खोलगट करून टाळ्या वाजवल्या.

पाच आठवडे सगळं सिस्टरच्या सांगण्याबरहुकूम झालं. सुवाच्या मैदानावर शर्यतीआधी वासे अंग मोकळं करायला पळाली, वळणावर थांबली आणि दोरीपलीकडे उभ्या आत्याकडे चालत आली.

"आत्या, ओढतंय."

आत्यानं तिला कवेत घेतलं. "बरं केलंस सांगितलंस," एवढंच म्हणाली आणि कितीतरी वेळ तिला सोडलं नाही. शर्यत आठऐवजी सात जणींचीच झाली. त्या दोघींनी ती पाहिली नाही.