ब्रायनीची घळ

हेझलडेनच्या पंचक्रोशीत बंदुकीबरोबर फिरणारा कुत्रा घ्यायचा म्हणजे त्यात निवडीला काही वाव असतो, असे कोणी मानत नसे. स्प्रिंगर स्पॅनियल घ्यावा. घर लहान असेल तर कॉकर घ्यावा. इतका तो विषय सरळ होता. म्हणूनच पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झालेल्या रोलंड एकहर्स्टने आयुष्यातला पहिला शिकारी कुत्रा म्हणून ससेक्स स्पॅनियल आणायचे ठरवले, तेव्हा गावाला त्याची गंमत वाटली आणि पर्सी हॉबडेनला तो अपमान वाटला.

पर्सीला तसे वाटण्याजोगे कारणही होते. हेझलडेनच्या रानातली शनिवारची शिकार त्याच्या हाती होती, जशी ती त्याच्या वडिलांच्या हाती होती. रान उठवणारा हाका कुठून सुरू करायचा, रांग कुठे वळवायची, बंदूकवाल्यांनी कुठे उभे राहायचे, हे सगळे तोच ठरवी. रोलंड त्याच्या हाकाऱ्यांच्या रांगेत कित्येक हंगाम हातात नुसती काठी घेऊन चालत आला होता. नोकरीच्या काळात कुत्र्याला दिवसभर घरी एकटे ठेवणे त्याच्या मनाला पटत नसे. निवृत्त झालो की घेईन, असे तो म्हणे. पर्सीने ते लक्षात ठेवले होते. त्याच्या स्प्रिंगरणीला पिल्ले झाली, तेव्हा त्यातले एक चांगले चपळ पिल्लू त्याने न सांगता रोलंडच्या नावाने बाजूला काढले होते. आणि रोलंड आभार मानून नको म्हणाला.

रोलंडने निवड मात्र विचार करूनच केली होती. स्प्रिंगर रानात वादळासारखा शिरतो, आणि त्याला आवरायला धन्याचे पायही तसेच लागतात. रोलंडचा उजवा गुडघा चढावर कुरकुरत असे. इथली जमीन म्हणजे ओढ्यांनी कापलेल्या खोल घळी आणि त्यांच्यावर माजलेल्या काटेरी जाळ्या. आखूड पायांचा, जड अंगाचा, सावकाश आणि जवळ राहून काम करणारा कुत्रा त्याला हवा होता, आणि ससेक्स ही जात याच जमिनीसाठी इथेच घडवलेली होती. शिवाय एक कारण त्याने कोणाला सांगितले नव्हते. जिल्ह्याच्या शेतकी प्रदर्शनात एका ससेक्सने कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे असे काही पाहिले होते, की पंपघराची तपासणी करायला येणाऱ्या जुन्या साहेबांची त्याला आठवण झाली. त्या साहेबांवर रोलंडचा फार जीव होता.

ही जात आता इतकी विरळ झाली आहे, की पिल्लासाठी वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. पिल्ले देणाऱ्या इनिड पिलबीमबाई वयाने ऐंशीच्या घरात होत्या, आणि त्यांनी रोलंडला जितके प्रश्न विचारले तितके त्याच्या सासऱ्यांनीही विचारले नव्हते. दिवसा घरी कोण असते, कुंपण कसे आहे, चिडल्यावर तुम्ही काय करता, असे सगळे विचारून झाल्यावर त्यांनी अट घातली, की पुढे कधी कुत्री नकोशी झाली तर ती परत त्यांच्याकडेच यायला हवी. मग पिल्लू त्याच्या हातात देताना त्या म्हणाल्या,

"ही जात बोलते, मिस्टर एकहर्स्ट. वास लागला की बोलते. तिचं तोंड बंद करू नका. आणि एकच गोष्ट पुन्हापुन्हा करून घेऊ नका, रुसून बसेल."

रोलंडने मान डोलावली. पण त्याचे सगळे लक्ष त्या वेळी पिल्लाच्या कपाळावरच्या आठ्यांकडे होते.

त्याने तिचे नाव ब्रायनी ठेवले. पिकल्या गव्हासारखी सोनेरी झाक असलेला तपकिरी रंग, जमिनीला टेकू पाहणारे पोट, आणि चालताना डावी-उजवीकडे झुलणारे अंग. पर्सीने तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली. नंतर म्हणाला, "रोलंड, लेका, बंदुकीसाठी कुत्रा आण म्हटलं होतं. बैठकीसाठी गादी नव्हे." आणि जाता जाता त्याने रानाचा जुना नियम ऐकवला. हाक्यात भुंकणारा कुत्रा त्याच दिवशी घरी जातो आणि परत येत नाही. एका जाळीत गोंगाट झाला तर पुढच्या तीन जाळ्यांतले फेझंट पक्षी वेळेआधीच उडून जातात. पर्सीच्या वडिलांनी त्या कारणासाठी सख्ख्या भावाच्या कुत्र्याला रांगेबाहेर काढले होते.

इथे रोलंडची चूक झाली. पिलबीमबाईंचे शब्द आणि पर्सीचा नियम या दोहोंत त्याने नियम उचलला. शिकवणुकीचे जे पुस्तक गावात सगळ्यांच्या घरी होते तेच त्यानेही आणले, आणि ते स्प्रिंगरसाठी लिहिलेले आहे याकडे लक्ष दिले नाही. सकाळ-संध्याकाळ तेच धडे तो ठरलेल्या क्रमाने घेई. शिट्टीला बसणे, हातवाऱ्यासरशी वळणे, फेकलेली वस्तू आणून देणे. कुंपणाकडेला सशाचा वास लागून ब्रायनीच्या घशातून पहिला आवाज निघाला, तेव्हा त्याने तिला लगेच दोरी लावली आणि घरी आणले. दुसऱ्यांदाही तेच केले. तिला ओरडला नाही, मारले तर नाहीच. फक्त आवाज निघाला की खेळ संपे.

ब्रायनी बुद्धीने मंद नव्हती. वास लागला की आवाज निघतो आणि आवाज निघाला की खेळ संपतो, हे तिने बरोबर ओळखले आणि आपल्या परीने मार्ग काढला. तिने वास घेणेच सोडून दिले.

शरद ऋतूत तिचा पहिला हाका झाला, तेव्हा ती सर्व बाबतींत निर्दोष होती. शिट्टीला बसली, एकदाही भुंकली नाही, आणि सकाळपासून दुपारपर्यंत रोलंडच्या बुटांमागून खाली मान घालून चालत राहिली. डाव्या-उजव्या बाजूला स्प्रिंगर जाळ्यांतून उसळ्या मारीत होते. ब्रायनीने एकाही झुडपात नाकसुद्धा खुपसले नाही.

पर्सीने टोमणा मारला नाही. "शिस्तीची आहे," एवढेच म्हणाला, आणि रोलंडला तो शिष्टाचारच जास्त लागला. जेवणाच्या सुट्टीत पर्सी त्याच्याजवळ येऊन टेकला आणि सौम्यपणे म्हणाला, की बाजूला ठेवलेले ते पिल्लू त्याने विकलेले नाही. ते आता तयार झाले आहे. हंगाम संपेपर्यंत ठरव. रांगेत कुत्रा हवा तर तो कामाचा हवा. "हिला राहू दे शेकोटीपुढे. तिलाही बरं वाटेल," असे त्याने शेवटी जोडले.

ते शेवटचे वाक्य रोलंडच्या मनात रुतून बसले, कारण ते कदाचित खरे होते. दोन कुत्री सांभाळायला ना त्याचे घर पुरे, ना त्याचा गुडघा. पर्सीचा कुत्रा आला, तर दिलेल्या शब्दाप्रमाणे ब्रायनी पिलबीमबाईंकडे परत जाणार. आणि ती संध्याकाळी चुलीपुढे त्याच्या पावलावर हनुवटी टेकवून घोरत असे.

त्याची बायको मॅरियन स्वयंपाकघरात पेस्ट्रीसाठी पीठ लाटत होती. रोलंडने तिला सगळे क्रमवार सांगितले. काय शिकवले, कसे शिकवले, कुत्रीत दोष नाही, शिकवण्यात दोष नाही, तरी काम का होत नाही. मॅरियनने लाटणे बाजूला ठेवले.

"तू सारी नोकरी पंपाला सळई लावून तिच्या टोकाला कान देत बसलास," ती म्हणाली. "आवाज बदलला की रात्रीचा उठून जायचास. इथे आवाज तूच बंद केलास, आणि आता मला विचारतोस पंप का चालत नाही?"

रोलंड उठला, त्याने गाडीची किल्ली घेतली आणि ब्रायनीला हाक मारली.

पिलबीमबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "दोरी लावून घरी आणायचात?" आणि उत्तर ऐकून एक सुस्कारा टाकला. मग त्यांनी आपली म्हातारी कुत्री मर्टल हिला फळबागेमागच्या काटेरी उतारावर सोडले. मर्टल जाळीखाली शिरली आणि दिसेनाशी झाली. काही वेळ नुसती पाने हलली. मग आतून आवाज आला, जाड आणि खालच्या पट्टीतला, थांबत थांबत सरकणारा. ससा आहे, बाई म्हणाल्या. पाखरू असले तर सूर वर चढतो. रोलंड डोळे मिटून ऐकत राहिला. जाळीत त्याला काहीच दिसत नव्हते, पण कुत्री कुठे आहे, कुठे वळली, सावज किती पुढे आहे, सगळे त्याला कळत होते. पंपघराच्या भिंतीआडून पंपाचे जसे कळायचे तसे.

त्याच्या पायाशी ब्रायनीचे कान उचलले गेले होते. घशात काहीतरी हलले. बाहेर मात्र आले नाही.

"आता काही शिकवू नका," बाई म्हणाल्या. "खिशात हात घाला आणि फिरा."

त्याप्रमाणे तो डिसेंबरभर खिशात हात घालून फिरला. शनिवारी ब्रायनीला घरी ठेवून एकटाच काठी घेऊन रांगेत जाई. बाकीचे दिवस तिचे. पर्सीला त्याने आडपडदा न ठेवता सांगून टाकले, की ही कुत्री बोलणारी आहे आणि आता मी तिला गप्प करणार नाही. तुझ्या रांगेत तिला जागा नसेल तर माझी तक्रार नाही. पर्सी म्हणाला, नियम तो नियम. दोघांत वितुष्ट आले नाही, पण स्प्रिंगरचा विषयही मिटला नाही.

नाताळच्या आधी एका सकाळी कुंपणाच्या मुळाशी ब्रायनी थबकली. तिच्या तोंडून गंजलेल्या बिजागरीसारखा एकच स्वर निघाला, आणि लगेच तिने अपराधी चेहऱ्याने मागे वळून पाहिले. रोलंडने आकाशाकडे नजर लावली, जणू ढगांची विचारपूस करायला तो घराबाहेर पडला होता. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग खाली पुन्हा तो स्वर आला, या वेळी जरा मोठा. आणि पाने सळसळली.

जानेवारीच्या अखेरीस हाकाऱ्यांचा दिवस आला. त्या दिवशी हेझलडेनला सगळे उलट होते. वर्षभर रान उठवणारे हाकारे बंदुका घेऊन उभे राहतात, आणि वर्षभर बंदुका चालवणारे काठ्या घेऊन चिखलात उतरतात. रोलंडला वर्षातून बंदूक धरायला मिळे ती याच दिवशी, आणि चिठ्ठ्यांत त्याच्या वाट्याला काळ्या घळीच्या तोंडाची जागा आली.

काळी घळ हे पर्सीचे जुने दुखणे होते. आत काटे इतके दाट, की स्प्रिंगर कान फाडून घेऊन बाहेर येत. आणि तरबेज झालेले जुने फेझंट जमिनीवरून धावत वरच्या टोकाने निसटून जात, बंदूकवाल्यांना कळायच्या आत.

रोलंड पर्सीकडे गेला आणि म्हणाला, "माझ्या जागी तू उभा राहा. मी ब्रायनीला घेऊन वरच्या टोकाने आत जातो."

पर्सीने त्याच्याकडे पाहिले. वर्षातला एकुलता एक बंदुकीचा दिवस कोणी सोडत नाही, हे त्याला ठाऊक होते. "आणि ती बोलली तर?"

"बोलावी म्हणूनच नेतोय."

पर्सीने काठी खाली ठेवली आणि बंदूक घेतली.

घळीच्या वरच्या टोकाला रोलंडने ब्रायनीची दोरी सोडली. ती आठ्या घालून काट्यांकडे पाहत राहिली, जणू कामाची तपासणी करीत होती, आणि मग पोटावर सरकत आत गेली. रोलंड काठावरून तिच्याबरोबर सावकाश खाली उतरू लागला. गुडघा कुरकुरला. आत शांतता होती. अर्धी घळ संपत आली तरी शांतताच होती, आणि त्याला खालच्या पर्सीचा चेहरा न दिसताही दिसू लागला. त्याने शिट्टीकडे नेलेला हात परत खिशात घातला.

आणि मग ती बोलली. आधी खाली, मग एकदम वर चढलेला, घंटेसारखा स्वच्छ स्वर. पाखरू. आवाज डावीकडे सरकला, थांबला, पुन्हा उजवीकडे आला, घळीच्या तोंडाकडे सरळ होत गेला. खाली पर्सीला काट्यांपलीकडचे काही दिसत नव्हते. पण तो आवाजाबरोबर पाय फिरवीत वळत गेला. जाळीच्या कडेवर मोठा नर फेझंट फडफडाट करीत उठला, तेव्हा बंदूक आधीच त्या दिशेला होती. एकच बार झाला.

पक्षी पलीकडच्या नेच्यांत पडला. कोणी काही सांगायच्या आत ब्रायनी बाहेर आली, कानांत काटे, नाकावर ओरखडा, आणि तशीच झुलत पलीकडे गेली. ती परत यायला स्प्रिंगरला लागला असता त्याच्या दुप्पट वेळ लागला. कोणी घाई केली नाही. तिने पक्षी पर्सीसमोरून नेऊन रोलंडच्या हातात दिला.

पर्सीने बंदूक उघडून रिकामे काडतूस काढले आणि बराच वेळ हातात फिरवले. "बाबांचा नियम रांगेसाठी होता," तो अखेर म्हणाला. "या घळीत रांग कधी चाललीच नाही. पुढच्या हंगामापासून ही घळ हिची. बाकी रानात मात्र गाडीत बसेल."

"बसेल," रोलंड म्हणाला. मॅरियनला हे कसे सांगायचे, याची जुळवाजुळव त्याच्या मनात तेव्हाच सुरू झाली होती.

दिवस संपल्यावर सगळे पर्सीच्या गाडीभोवती जमले. चहाचे थर्मास उघडले, सॉसेज रोल फिरले. शिकारीच्या दिवशी प्रत्येक हाकाऱ्याला फेझंटच्या नर-मादीची एक जोडी घरी न्यायला मिळते. पर्सीने सुतळीने बांधलेली जोडी रोलंडच्या गाडीच्या आकड्याला अडकवली. मग परत गेला, दुसरी जोडी घेऊन आला, आणि पहिलीच्या शेजारी टांगली.

"ही कोणाची?" रोलंडने विचारले.

"हाकारणीची," पर्सी म्हणाला. "आणि तो स्प्रिंगर मी माझ्याकडेच ठेवतो. तुला दोन झेपायचे नाहीत."

ब्रायनी त्या टांगलेल्या जोडीखाली येऊन बसली, कपाळाला आठ्या घालून वर पाहत राहिली, आणि मग तिने एकच उंच स्वर काढला. पर्सीच्या स्प्रिंगरांनी माना वळवल्या.

"पाखरू आहे," रोलंडने समजावून सांगितले.

"दिसतंय मला," पर्सी म्हणाला, आणि आपल्या सॉसेज रोलचा उरलेला तुकडा त्याने खाली धरला.