तीन तारांची सवत

मी एक जुनी मोटर आहे. मित्रांनो, रिमोटवर उडणाऱ्या एका हेलिकॉप्टरच्या पोटात मी सहा वर्षं नोकरी केली. आज त्या जागेवर दुसरी आहे. तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, असं मी ठरवलं आहे. तेव्हा सुरुवात स्वतःपासून करते.

माझा मालक दंतवैद्य. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणून झालं की संध्याकाळी तो आम्हाला मैदानावर न्यायचा. माझ्या शाफ्टवर एक इवलंसं पितळी दातेरी चाक होतं. मी ते फिरवायची, ते हेलिकॉप्टरचं मोठं चाक फिरवायचं आणि आम्ही उडायचो. हेलिकॉप्टर माझ्याशी कधी बोललं नाही; पण मी सुरू झाले की त्याचं सगळं अंग थरथरायचं. एवढ्यावर माणसं लग्नं करतात.

माझ्या पोटात कार्बनचे दोन ब्रश आहेत. त्यांच्यामार्फत वीज आत येते आणि घासून घासून ते झिजतात. उड्डाण सहा मिनिटांवरून चारवर आलं, तेव्हा दंतवैद्याने मला थोरल्या बहिणीकडे नेलं. ताईंचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे.

“ब्रश गेलेत हिचे,” ताई म्हणाल्या. “आता ब्रशलेस घाल. झिजायला आत काही नाहीच.”

झिजायला काही नाही, म्हणजे जीव लावायलाही काही नाही. पण मला कोण विचारतो!

ती आली. मला दोन तारा, तिला तीन. शिवाय कुठल्या तारेत कधी वीज सोडायची, हे ठरवायला वेगळा कंट्रोलर. म्हणजे बाईंना सेक्रेटरी लागतो. पहिल्यांदा सुरू केली तर चक्क उलटी फिरली. ताईंनी दोन तारांची अदलाबदल केली आणि दंतवैद्याने टाळ्या वाजवल्या. मी सहा वर्षं सुलटी फिरले. कुणी साधं ‘वा’ म्हटलं नाही.

मग त्याने माझं दातेरी चाक उपटलं, भूल न देता, आणि तिच्या शाफ्टवर चढवलं. ते सैल बसलं. तिचा शाफ्ट केसभर बारीक. तिचं सगळंच बारीक.

“मापाचं दुसरं मागव,” ताई म्हणाल्या.

“कशाला? दाताची कॅप बसवायचं सिमेंट आहे की! त्याच्या जोरावर लोक दहा-दहा वर्षं शेंगदाणे खातात.”

“लोक मिनिटाला तीस हजार वेळा चावत नाहीत रे, बाळा.”

बाळाने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ताईही आल्या. मी त्यांच्या हत्यारांच्या उघड्या पेटीत होते. हेलिकॉप्टर दुमजली घराएवढं वर गेलं. माझ्या काळात ते इतकं वर कधी गेलं नव्हतं. मी मनापासून म्हटलं, सुटू दे ते चाक. आणि सुटलं. ती नुसतीच किंचाळत राहिली. माझा आनंद एक सेकंद टिकला. कारण खाली येत होतं ते हेलिकॉप्टर.

त्याची शेपटी वाकली, दोन्ही पाती तुटली. तिला ओरखडाही नाही.

“जुनीच बसव परत,” ताई म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. दोघं गुडघ्यांवर बसून गवतात माझं चाक शोधू लागली. सापडलं. दंतवैद्याने ते उजेडात धरलं.

“तीन दात गेलेत.”

“मग बसव कवळी!”

“नवीन चाक मागवायचंच आहे, तर तिच्या मापाचं मागवतो,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

नवं चाक आलं, स्क्रूने आवळलं गेलं. हेलिकॉप्टर दुरुस्त होऊन अकरा मिनिटं उडू लागलं. पण बाई तापतात. गार झाल्याशिवाय पुढचं उड्डाण नाही. तेव्हा ताईंनी मला प्लास्टिकचं पातं लावलं, लाकडी ठोकळ्यावर बसवलं आणि मैदानावरच्या घडीच्या टेबलावर ठेवलं. हो, मित्रांनो. मी तिला वारा घालते.

“बघ, कामी आली की नाही?” ताई कौतुकाने म्हणतात. सहा वर्षांतलं पहिलं कौतुक, आणि तेही यासाठी.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकू नका. तिला तेलाचा थेंब द्या, काम द्या. फक्त वारा कुणाला घालायचा, तेवढं आधी विचारा.

आणि ताईंना सांगू नका, पण हल्ली मी मुद्दाम हळू फिरते. त्यांना वाटतं, ब्रशमुळे. ती जितका वेळ तापलेली, तितका वेळ हेलिकॉप्टर माझ्यासमोर टेबलावर असतं.